डंजन्स अँड ड्रॅगन्स गेममध्ये टर्न अनडेड (भुतं पळवायची शक्ती) केल्यावर पळणाऱ्या झोंबीला मारलं तर इफेक्ट जाते का?

हो भाऊ, जाते. २०१४ च्या पाचव्या एडिशनचं सांगतो. क्लेरिकनं (देवाच्या शक्तीवर चालणारं पात्र) आपल्या पाळीतली ॲक्शन वापरून चॅनल डिव्हिनिटी, म्हणजे ती देवाची शक्ती, वापरली की ३० फुटांत जे भुतंबितं त्याला पाहू किंवा ऐकू शकतात त्या सगळ्यांना विझ्डम सेव्ह (बचावाचा फासा), फेल झाला तो १ मिनिट पळत राहते, रिॲक्शनबी (लगेचचं प्रत्युत्तर) घेऊ शकत नाही, पण त्याला जरासंही डॅमेज बसलं की तिथंच संपलं.

आमच्याकडे नागपूरच्या धरमपेठेत रविवारी तर्री पोहे खाऊन गेम चालते, तिथं हेच झालं. क्लेरिकनं ५ सांगाडे एका झटक्यात पळवले अन् आमचा रेंजर म्हणे पाठ दिसली ना, सोडू काऊन, मारला बाण. सांगाड्याचे हिट पॉइंट (जीव) १३, डॅमेज निघालं ७, म्हणजे मेला तर नाहीच, उलटा फिरून अंगावर आला 😅

म्हणून पळणाऱ्यांना सोडा, जे सेव्ह पास झाले त्यांना आधी घ्या. ५ व्या लेव्हलपासून तसंही क्लेरिकला डेस्ट्रॉय अनडेड मिळते, चॅलेंज रेटिंग (राक्षस किती कठीण त्याचा आकडा) अर्धा किंवा कमी असलेले सेव्ह फेल झाले की जागेवरच नष्ट. सांगाडा, झोंबी दोघंबी पाव रेटिंगवाले, मग बाण मारायची गरजच नाही.