चॅटबॉटने मोटर सांगितली, पण आर्म उचलेल का?

प्रश्न: मी सांगली जिल्ह्यातल्या एका कॉलेजात मेकॅनिकलच्या दुसऱ्या वर्षाला आहे आणि आमच्या रोबोकॉन या रोबो बनवण्याच्या स्पर्धेच्या टीममध्ये आहे. यंदा सीनियर सगळंच एआय चॅटबॉटला विचारतात. रोबोच्या आर्मचा टॉर्क, म्हणजे तो फिरवायला लागणारा जोर, मी दोन रात्री बसून काढला, तो १०० किलो-सेंटीमीटर आला. चॅटबॉटने दोन मिनिटांत ८० सांगितला आणि त्यावरून ८५ ची मोटर मागवली. आर्म ४० सेंटीमीटर लांब, वजन १ किलो, टोकाला २ किलोची वस्तू. माझे बाबा लेथचं छोटं वर्कशॉप चालवतात. ते म्हणतात, डिझाइन मशीनच करणार असेल तर तू कॉम्प्युटरकडे वळ. वळू का? आणि असं डिझाइन करून घेणं म्हणजे फसवणूक नाही का? कृपया नाव छापू नये.

उत्तर:

तुझा हिशोब बरोबर आहे. करिअरचं पुढे बोलूच, पण आधी हे तुला स्पष्ट कळलं पाहिजे. २ किलो गुणिले ४० सेंटीमीटर म्हणजे ८०. चॅटबॉट तिथेच थांबला. आर्मचं स्वतःचं १ किलो वजन मधोमध, म्हणजे २० सेंटीमीटरवर धरलं की आणखी २०. झाले १००. आणि हे सुद्धा आर्म आडवा नुसता धरून ठेवायला. तो उचलायचा म्हणजे वेग द्यायचा, गिअरमध्ये थोडं वाया जाणार, बॅटरी उतरत जाणार. मी तुझ्या जागी असते तर २०० च्या खालची मोटर पाहिली नसती.

शिवाय मागवलेल्या मोटरवर ८५ लिहिलंय ते कोणतं ८५? पुण्याच्या तपकीर गल्लीत घ्या नाहीतर ऑनलाइन, कित्येक मोटरींवर स्टॉल टॉर्क छापलेला असतो. म्हणजे मोटर अडकून पूर्ण थांबते त्या क्षणाचा. त्या टॉर्कला वेग शून्य असतो, करंट सगळ्यात जास्त असतो, आणि मोटर तिथे धरून ठेवली तर वाइंडिंग जळतं. डीसी मोटर सर्वांत जास्त शक्ती देते ती स्टॉल टॉर्कच्या साधारण निम्म्यावर, आणि सतत चालवायची तर त्याहूनही खाली राहावं लागतं. मोटर येईल तेव्हा डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, रेटेड टॉर्क शोध, म्हणजे मोटर सतत देऊ शकते तो. डेटाशीटच नसेल, तर छापलेल्या आकड्यावर विसंबू नकोस.

आता एक प्रयोग करून बघ. त्याच चॅटबॉटला लिही, 'आर्मचं वजन धरलं नाहीस.' तो लगेच चूक कबूल करून १०० सांगेल. मग मुद्दाम चुकीचं काहीतरी ठामपणे सांग. पुष्कळदा तो तेही मान्य करतो. ज्याला उत्तर आधीच माहीत आहे त्याच्याशी तो छान बोलतो, ज्याला माहीत नाही त्याला तो तितक्याच आत्मविश्वासाने खड्ड्यात घालू शकतो. तुझ्या दोन रात्री वाया गेल्या असं तुला वाटत असेल, तर त्या दोन रात्रींमुळेच तुला ८० हा आकडा खटकला, हे विसरू नकोस. टीममध्ये तो बाकी कुणालाच खटकला नाही.

म्हणून चॅटबॉट टाकून द्यायचा का? मुळीच नाही. नेदरलँड्समधल्या डेल्फ्ट आणि स्वित्झर्लंडमधल्या ईपीएफएल या तंत्रविद्यापीठांच्या संशोधकांनी चॅटजीपीटीला सोबत घेऊन टोमॅटो तोडणारा रोबो बनवला; त्यांचा लेख २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. कोणतं पीक निवडावं इथपासून त्यांनी त्याच्याशी चर्चा केली. फळ चिरडू नये म्हणून पकड सिलिकॉन किंवा रबरासारखी लवचिक असावी, हे त्याने सुचवलं. पण त्या सुचवण्यातून नेमका आकार ठरवणं, तो बनवणं आणि खऱ्या टोमॅटोवर लावून बघणं हे माणसांनीच केलं. तुमच्या टीमनेही कामाची अशीच वाटणी करावी.

रोबोकॉनमध्ये तर ती फारच गरजेची आहे. २००२ मध्ये टोकियोत ही आशिया-पॅसिफिक स्पर्धा सुरू झाली तेव्हापासून दरवर्षी खेळ नवा असतो. २००८ मध्ये पुण्यात ती झाली तेव्हा विषय होता गोविंदा, आपली दहीहंडी. २०२२ मध्ये दिल्लीत होती तेव्हा लगोरी. चेंडू मारून लगोरी फोडणारा एक रोबो आणि ती पुन्हा रचणारा दुसरा, याचं तयार उत्तर कुठेच नव्हतं. चॅटबॉट जुनं पुष्कळ वाचून आलेला असतो, त्यामुळे मागच्या वर्षीचा नियम यंदाच्या नावावर सांगायला त्याला वेळ लागत नाही. नियमावली छापून घ्या, ओळीओळीने वाचा, आणि प्रत्येक मापाशेजारी कलमाचा क्रमांक लिहा.

तुमच्या आर्मचंच घे. चॅटबॉटला विचार, १०० किलो-सेंटीमीटरचा भार कमी कसा करता येईल? तो म्हणेल उलट बाजूला वजन लाव, स्प्रिंग लाव, आर्म आखूड कर, गिअर बदल. यादी उत्तम असेल. पण उलट बाजूला २० सेंटीमीटरवर भार तोलायचा तर तब्बल ५ किलो लागतात, आणि तेवढं जास्तीचं वजन घेऊन तुमचा रोबो मर्यादेत बसेल का? मग स्प्रिंग. तीही कोणत्या कोनात मदत करेल आणि कोणत्या कोनात आडवी येईल, हे कागदावर काढावं लागतं. तिथे तुझ्यातली इंजिनिअर लागते. कोडमध्ये एरर का येतोय, पीआयडीचे, म्हणजे मोटरची हालचाल आपोआप सावरणाऱ्या कंट्रोलचे, आकडे बदलले की काय होतं, हे मात्र त्याला खुशाल विचार. तिथे तो वेळ वाचवतो, आणि चूक झाली तर चाक फिरवून लगेच कळते.

फसवणुकीचं म्हणशील तर आधी स्पर्धेचे नियम बघ. मनाई नसेल तर मदत घेणं गैर नाही, लपवणं गैर आहे. डिझाइनच्या वहीत लिही: हा पर्याय चॅटबॉटने सुचवला, हा आकडा मी तपासला, इथे तो चुकला. ही वही जप. नोकरीच्या मुलाखतींच्या पॅनेलवर मी बरीच वर्षं बसते आहे. एका मुलाच्या रेझ्युमेत चार रोबो होते. त्याला विचारलं, चाकाचा व्यास दुप्पट केला तर मोटरवर काय परिणाम होईल? तो गप्प झाला. मला त्याचं फार वाईट वाटलं, कारण मुलगा कष्टाळू होता, फक्त त्याच्या रोबोतले निर्णय त्याचे नव्हते. चाकणच्या कारखान्यात लाइन बंद पडली की 'हीच मोटर का?' हा प्रश्न समोर उभ्या असलेल्या माणसाला विचारतात.

तेव्हा मेकॅनिकल सोडू नकोस. कॉलेजात मायनर, म्हणजे जोडविषय, घ्यायची सोय असेल तर इलेक्ट्रॉनिक्स किंवा कंट्रोल घे, सोबत पायथन शीक. आयआयटी मुंबईच्या ई-यंत्र उपक्रमाची रोबोटिक्स स्पर्धा बघ, आणि एनपीटीइएल या आयआयटींच्या ऑनलाइन मंचावरचे कोर्स घरबसल्या मोफत बघता येतात. ज्याला यंत्रही कळतं आणि कोडही वाचता येतो अशी माणसं कमी आहेत, आणि त्यांना मागणी आहे.

बाबांना माझा नमस्कार सांग. त्यांची काळजी खरी आहे, पण त्यांच्याकडे जे आहे ते कुठल्याच चॅटबॉटकडे नाही. ६०८ नंबरच्या बेअरिंगचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर. चॅटबॉट म्हणेल २२ चं भोक पाड. ड्रिलने पाडलेलं भोक मोठंच येतं आणि बेअरिंग आत खुळखुळतं, ते किती घट्ट ठेवायचं हे बाबांच्या हाताला ठाऊक आहे. या रविवारी आर्मचं जोडकाम त्यांच्या वर्कशॉपमध्ये कर, शेजारी उभी राहा, विचार.

आणि मोटर आली की रोबोवर चढवू नकोस. आर्म टेबलाला क्लॅम्प कर, टोकाला आधी १ किलो लटकव, मग २. मल्टिमीटर लावून करंट वाच, आणि आर्म अडला तर लगेच बंद कर. वहीत आकडे लिहून सीनियरांपुढे ठेव, आणि मलाही कळव.