झोन फाइल रीलोड करायच्या आधी एवढं बघ

अरे, तुझी झोन फाइल, म्हणजे डोमेनच्या डीएनएस रेकॉर्ड्सची (कोणतं नाव कुठे जातं त्या नोंदींची) फाइल, लोड होत नाहीये आणि एररमध्ये ४० वी ओळ दिसतेय म्हणून तीच घासत बसू नकोस, चूक बऱ्याचदा वरच असते, एसओएचा, म्हणजे झोनच्या सुरुवातीच्या मुख्य रेकॉर्डचा, कंस उघडला आणि बंदच केला नाही की बाइंड (डीएनएस सर्व्हरचं सॉफ्टवेअर) पुढे वाचत जातो आणि ओरडतो भलतीकडेच. कॉमेंटला सेमीकोलन लागतो, हॅश नाही. ओळीच्या सुरुवातीला चुकून स्पेस पडली तर ते वरच्याच नावाचं रेकॉर्ड होतं.

पण खरा घात टिंबाचा. महापेला नाइट शिफ्टला होतो तेव्हा सीनेमच्या (एक नाव दुसऱ्या नावाकडे वळवणाऱ्या रेकॉर्डच्या) टार्गेटमागचं शेवटचं टिंब माझ्याकडून राहिलं, झोनचं नाव दोनदा जोडलं गेलं, सिंटॅक्स बरोबर त्यामुळे एरर नाहीच, आणि घणसोलीहून सकाळची ठाणे लोकल पकडायच्या वेळेला क्लायंटचा फोन, साइट बंद. फार वाईट वाटलं होतं रे.

म्हणून रीलोडआधी नेम्ड-चेकझोन (बाइंडसोबत येणारं झोन तपासायचं टूल) चालवच, आधी झोनचं नाव मग फाइल, आणि मायनस कॅपिटल डी लाव, पूर्ण नावं छापून येतात, डबल झालेलं लगेच दिसतं. एसओएमधला सीरियल, म्हणजे झोनचा आवृत्ती क्रमांक, वाढवायला विसरू नको, नाहीतर झोनची प्रत ठेवणारा सेकंडरी सर्व्हर जुनंच धरून बसतो, मी तारीख आणि पुढे दोन आकडे असंच ठेवतो.