पिल्लं, कुंड्या आणि शिलाई मशीन: वाचकांचे प्रश्न

पावसाळा तोंडावर आला की माझ्याकडे मांजराच्या पिल्लांबद्दलची पत्रं वाढतात. यंदाही तसंच झालं आहे. माझ्या घरी आत्ता चकली, करंजी आणि अनारसा अशी तीन पिल्लं कायमचं घर मिळेपर्यंत राहायला आली आहेत, त्यामुळे उत्तरं लिहिताना विषय डोळ्यांसमोरच बागडतो आहे.

ताई, इमारतीच्या मीटरच्या खोलीत तीन पिल्लं सापडली. डोळे उघडलेले नाहीत. आई दोन दिवस फिरकली नाही म्हणून वर आणली. गाईचं दूध पाणी घालून कापसाने पाजतोय, पण जुलाब सुरू झालेत. — एक वाचक, डोंबिवली

गाईचं दूध आत्ताच्या आत्ता बंद करा. त्यातली साखर पिल्लांना नीट पचत नाही, पाणी घातलं तरी नाही. एवढ्याशा जिवाच्या अंगातलं पाणी जुलाबाने फार भराभर कमी होतं. त्यामुळे उद्यावर न ढकलता आजच पशुवैद्यांना दाखवा. मांजराच्या पिल्लांसाठी वेगळी दूध पावडर मिळते. डॉक्टरांकडे किंवा प्राण्यांच्या दुकानात विचारा आणि डब्यावरच्या प्रमाणातच कालवा.

पण दुधाच्या आधी ऊब. या वयात पिल्लांना स्वतःच्या अंगाची ऊब टिकवता येत नाही आणि गार पडलेल्या पिल्लाला दूध पचत नाही. खोक्याच्या एकाच बाजूला गरम पाण्याची पिशवी फडक्यात गुंडाळून ठेवा, म्हणजे जास्त गरम झालं तर पिल्लू सरकून दुसरीकडे जाईल. अंग कोमट लागलं की मगच पाजा. पाजताना त्याला पोटावर ठेवा, डोकं किंचित वर. आपण बाळाला घेतो तसं उताणं धरू नका, दूध श्वासनलिकेत जातं. बिनसुईची सिरिंज घ्या आणि थेंब थेंब, त्याच्या गिळण्याच्या चालीने सोडा. डोळे उघडेपर्यंत दर दोन-तीन तासांनी पाजावं लागतं, रात्रीसुद्धा. घरातल्यांनी पाळ्या लावून घ्या.

पाजून झालं की कोमट पाण्यात भिजवलेल्या कापसाने शेपटीखाली हलकेच पुसा. आई चाटते म्हणून पिल्लांना शी-शू होते. साधारण तीन आठवड्यांची होईपर्यंत ते काम आपलं. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर रोज एकाच वेळी वजन करून वहीत लिहा. रोज दहा-पंधरा ग्रॅम वाढलं तर ठीक चाललं आहे. वजन थांबलं किंवा घटलं की डॉक्टरांना फोन.

इतर वाचकांसाठी एक सांगते. पिल्लं गरम, पोटं भरलेली आणि शांत असतील तर उचलू नका. आई बहुतेक खायला गेलेली असते. लांबून, काही तास लक्ष ठेवा. आईच्या दुधाची सर कुठल्याच पावडरीला नाही.

दोन मांजरी घरी आल्यापासून गॅलरीतली एक कुंडी धड राहिलेली नाही. माती उकरतात, पानं खातात. झाडं काढून टाकू का? — एक वाचक, चिपळूण

सगळी नाही, काही मात्र नक्की. कण्हेर आणि सायकस मांजराच्या वाटेत नकोच, दोन्ही जिवावर बेततात. समारंभाच्या गुच्छात येणारी मोठी, उग्र वासाची लिली तर घरातच आणू नका. तिचे पराग अंगावर सांडले आणि मांजराने चाटले, तरी मूत्रपिंडं निकामी होऊ शकतात. मनी प्लांट आणि डिफेनबाखियाने तोंडाची आग होते, लाळ गळते. ती उंच टांगा.

उकरण्यावर कोकणात उपाय घरचाच आहे: नारळाच्या करवंट्या. फोडून, पालथ्या, एकमेकींना चिकटून मातीवर मांडा. पंजाला मऊ माती लागली नाही की मांजर नाद सोडतं, शिवाय ओल टिकते. पानं खायची हौस भागवायला पसरट ताटलीत गहू पेरा. बोटभर वाढले की ताटली खाली ठेवा.

पावसात कुंड्यांमध्ये खोकली नावाचं तण आपोआप उगवतं. ते उपटताना मुळाचा वास आला की बरीच मांजरं त्यावर लोळतात, अंग घासतात. अनारसा तर माझ्या हातातून रोप ओढून घेतो! त्यांची ती धुंदी बघायला मला फार आवडतं.

आईच्या जुन्या सुती साड्या आहेत. माझ्याकडच्या पिल्लांसाठी काय शिवू? — एक वाचक, सांगली

छोट्या गोधड्या शिवा, पाटाएवढ्या. मोठी गोधडी रोज धुवून वाळत नाही आणि पिल्लांकडे रोज धुणं ठरलेलं. वर-खाली साडी, मध्ये जुनी चादर, कडा मशीनवर दुमडून घ्या. धावदोरा हाताने घालणार असाल तर टाके अगदी बारीक आणि जवळजवळ घाला, लांब टाक्यात नखं अडकतात. टर्किश टॉवेल याच कारणासाठी नको. लेस, बटण, टिकली, नाडी काहीही लावू नका. रंग फिका निवडा, म्हणजे जुलाब किंवा रक्ताचा डाग लगेच दिसतो.

शिवून उठताना सुई-दोरा, बॉबिन, कातरलेले धागे सगळं झाकणाच्या डब्यात गेलंच पाहिजे, यात मी कुणाचं ऐकत नाही. दोरा गिळला तर तो जिभेच्या मुळाशी किंवा पोटात अडकतो आणि आतडं त्यावर गोळा होत जातं. तोंडातून किंवा शेपटीखालून दोरा लोंबताना दिसला तर ओढू नका, आतडं कापलं जातं. तसंच डॉक्टरांकडे न्या.

साड्या ट्रंकेतून काढल्या असतील तर डांबरगोळ्यांचा वास पूर्ण जाईपर्यंत धुवा, उन्हात घाला. डांबरगोळ्या मांजराला विषारी असतात.

पिल्लं द्यायची वेळ आली की माझी नववीतली मुलगी जेवत नाही. पुढच्या वेळी पिल्लं आणूच नयेत का? — एक वाचक, नांदेड

आणा. तुम्ही जागा मोकळी केली नाही तर पुढचं पिल्लू कुठे राहणार? मुलीला मात्र निरोपाच्या दिवशीच सांगू नका. येणाऱ्या लोकांशी बोलायला तिला शेजारी बसवा, प्रश्न तिलाच विचारू द्या: खिडक्यांना जाळी आहे का, नसबंदी करणार का, दिवाळीत गावी गेलात तर कोण बघेल? उत्तरं पटली नाहीत तर नकार द्यायचा हक्कही तिला द्या.

आठ आठवडे पूर्ण होऊन पहिली लस झाल्याशिवाय पिल्लू देऊ नका. रेबीजची लस साधारण तीन महिन्यांची झाल्यावर असते, तिची तारीख कागदावर लिहून हातात द्या. दोन पिल्लांची गट्टी असेल तर जोडीनेच द्या. आणि ज्या गोधडीवर ती झोपत होती ती न धुता सोबत पाठवा. ओळखीचा वास असला की नव्या घरात ती लवकर खायला लागतात.