ऑस्ट्रेलियातल्या आदिवासींसोबत डिझाइनचं काम करायचंय?

प्रश्न : मी कम्युनिकेशन डिझाइनच्या शेवटच्या वर्षाला आहे. ऑस्ट्रेलियात मास्टर्स करून तिथल्या दुर्गम अ‍ॅबोरिजिनल वस्त्यांसाठी अ‍ॅप्स बनवायची इच्छा आहे. फोटो सर्वांसोबत शेअर करता येतील असं एक अ‍ॅप तयारही केलंय. यात करिअर आहे का? कोडिंग शिकू का?
– एक विद्यार्थिनी, कोल्हापूर

उत्तर : करिअर आहे, पण क्षेत्र लहान आहे. कोडिंग कामापुरतं आलं तरी भागेल. मला काळजी वाटते ती तुझ्या तयार अ‍ॅपची. अर्जात ते पुढे करू नकोस.

का, ते सांगते. 1990च्या दशकाच्या सुरुवातीला मध्य ऑस्ट्रेलियातल्या अ‍ॅलिस स्प्रिंग्ज शहराच्या वायव्येकडच्या युएन्डुमूसह चार वाळवंटी वस्त्यांनी स्वतःचं व्हिडिओ कॉन्फरन्सिंग उभं केलं, तनामी नेटवर्क. त्यात त्यांनी खाणींच्या रॉयल्टीचा पैसा घातला. तिथल्या वार्लपिरी आदिवासींच्या बोलण्यात हातांच्या खुणांना मोठं स्थान आहे. त्या फोनवर पोचत नाहीत, पडद्यावर दिसतात. दूरचे नातेवाईक असे भेटू लागले, विधींची ठरवाठरव होऊ लागली. गरज काय आहे हे त्यांना बाहेरून कुणी सांगायला लागलं नव्हतं.

अ‍ॅलिस स्प्रिंग्जच्या उत्तरेकडे, टेनंट क्रीक गावच्या वारुमुंगू आदिवासींसोबत 2007मध्ये मुकुर्तू हा फोटो-दस्तऐवजांचा डिजिटल संग्रह घडला. तिथे कोणता फोटो कुणाला दिसेल हे नातं, गाव आणि बाई की पुरुष यावरून ठरायचं. अनेक समाजांत माणूस गेल्यावर काही काळ त्याचं नाव घेत नाहीत, फोटो दाखवत नाहीत. आता तुझ्या अ‍ॅपमधलं ‘सर्वांसोबत शेअर करा’ हे बटण आठव. आपल्याला साधं वाटणारं हे बटण तिथे एखाद्या घराला फार दुखवू शकतं. कुठे काय झाकायचं, हे तिथली वडीलधारी माणसंच सांगू शकतात, आणि तीही विश्वास बसल्यावर.

म्हणून विद्यापीठाचं रँकिंग बाजूला ठेव आणि गाइड शोध. क्वीन्सलँड युनिव्हर्सिटी ऑफ टेक्नॉलॉजीच्या संशोधकांनी उत्तर ऑस्ट्रेलियातल्या ग्रूट आयलंड बेटावरच्या आदिवासींसोबत डिजिटल सूचनाफलकावर काम केलंय, तसं एखाद्या वस्तीशी जुनं नातं असलेला गाइड हवा. मास्टर्सच्या मुदतीत असं नातं शून्यातून जुळत नाही. पुढे पीएचडीची तयारी ठेव. एआयएटीएसआयएस (AIATSIS) या आदिवासी अभ्यासाच्या ऑस्ट्रेलियन संस्थेची 2020ची संशोधन-नीतिसंहिता आत्ताच वाचून काढ. नॉर्दर्न टेरिटरी या उत्तरेकडच्या प्रांतात (वरच्या सगळ्या वस्त्या तिथल्याच) अनेक आदिवासी जमिनींवर जायला परवाना लागतो, हेही लक्षात असू दे. नोकऱ्या विद्यापीठांत, कलाकेंद्रांत, आदिवासी माध्यमसंस्थांत मिळतात. बऱ्याचदा त्या कंत्राटी असतात आणि अनेक ठिकाणी स्थानिक आदिवासींना प्राधान्य असतं. ते योग्यच आहे. घरी हे आधीच सांगून ठेव. कर्ज काढून जाणार असशील तर नक्कीच.

मधल्या काळात मेळघाटात किंवा गडचिरोलीत आधीपासून काम करणाऱ्या एखाद्या संस्थेत सहा महिने राहा. तिथली कोरकू किंवा माडिया भाषा कानावर पडू दे. काही बनवायची घाई करू नकोस.

गाइडला पहिलं पत्र लिहिशील तेव्हा अ‍ॅपच्या लिंकऐवजी दोन प्रश्न पाठव : या प्रकल्पात वस्तीतल्या कुणाला पगार मिळतो? आणि त्यांनी मध्येच ‘नको’ म्हटलं तर काय होतं?