‘स्नायपर होतो’ म्हणणाऱ्याला काय विचारावं
मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, त्यामुळे खानापूर-निपाणीकडं खरे फौजी गल्लोगल्ली भेटतात. ‘मी स्नायपर, म्हणजे लांबून नेम धरून मारणारा सैनिक होतो’ म्हणणाऱ्या थापाड्यांचंही त्यात फावतं. असं कुणी म्हणाले, तर किती मारले, हे विचारू नकोस. ड्रागुनोव्ह (स्नायपरची रायफल) चालवली म्हणाले, तर दुर्बिणीत काय दिसायचं ते विचार. तिची पीएसओ-१ नावाची दुर्बीण चौपट मोठं दाखवते. डावीकडं खाली अंतर मोजायची वाकडी रेघ असते, १.७ मीटर उंचीच्या माणसावर बेतलेली. ‘दर गोळीला बोल्ट ओढायचो’ म्हणाले की शंका घे: ती सेमी-ऑटोमॅटिक, म्हणजे पुढची गोळी आपोआप भरली जाते; मॅगझिन १० गोळ्यांचं. आकडा चुकला म्हणून मात्र खोटं ठरवू नकोस, माणूस विसरतो. (आकडे तर थापाडेच पाठ करून येतात.) त्यापेक्षा वारा कसा ताडायचात, हे विचार. खरा माणूस गवत, धूळ, उन्हाची झळ यांवर बोलू लागतो.