मनगटाचं अपील आणि बोर्डाचा 'नाना'

डिसॅबिलिटी पेन्शनसाठी दुसरं अपील कसं करायचं, हा तुमचा प्रश्न. आधी तुमची गोष्ट मला समजली तशी मांडतो, काही चुकत असेल तर सांगा. 2004 ला सैन्यात भरती, 2021 ला मुदत पुरी करून नाईक म्हणून डिस्चार्ज. 2009 मध्ये युनिटच्या व्हॉलीबॉल मॅचमध्ये उजव्या तळहातावर पडलात. एमआय रूममध्ये (युनिटच्या दवाखान्यात) 'स्प्रेन', म्हणजे मुरगळ, लिहून क्रेप बँडेज बांधलं. 2019 च्या एमआरआयमध्ये स्कॅफॉइडचं जुनं, न जुळलेलं फ्रॅक्चर सापडलं. जाताना रिलीज मेडिकल बोर्डाने (डिस्चार्जच्या वेळी तपासणाऱ्या डॉक्टरांच्या मंडळाने) 15 ते 19 टक्के अपंगत्व दिलं, वर 'एनएएनए'चा शिक्का. पहिलं अपील दोन ओळींत नामंजूर झालं, आणि आता अपील लिहून देणारा एजंट पेन्शनच्या थकबाकीतले तीस टक्के मागतोय.

एजंटला रामराम करा. उजवा दुखत असेल तर डाव्या हाताने करा, पण करा. त्याच्याकडे तोच ठरावीक अर्ज असतो, फक्त नाव आणि नंबर बदललेला.

एनएएनए म्हणजे दुखणं नोकरीमुळे झालंही नाही आणि नोकरीने वाढलंही नाही. आमच्याकडे सगळे त्याला 'नाना'च म्हणतात. 'काय रे, बोर्ड झालं?' 'झालं, नाना आला घरी.' तुमच्या घरी नाना आलाय आणि सोबत वीस टक्क्यांची अटही (त्याखाली अपंगत्वाची पेन्शन नाही) आडवी आलीय. ही दोन वेगळी भांडणं आहेत. तुमच्या पहिल्या अपिलात ती एकमेकांत कालवली गेली, म्हणूनच दोन ओळींत उत्तर आलं.

आधी नानाचं बघू. स्कॅफॉइड हे मनगटातलं अंगठ्याच्या बाजूचं लहान हाड. अंगठा ताणला की मनगटाजवळ जो खळगा पडतो, त्याच्या तळाशी ते असतं. ते मोडलं तरी पहिल्या एक्स-रेत बऱ्याचदा दिसत नाही, म्हणून संशय असेल तर हात प्लास्टरमध्ये ठेवून दहा-चौदा दिवसांनी परत फोटो काढायचा असतो. या हाडाचा रक्तपुरवठा कमजोर. वेळेत प्लास्टर नाही झालं तर ते बऱ्याचदा जुळत नाही, आणि काही वर्षांनी सांध्याची झीज सुरू होते. म्हणजे 2009 चं 'स्प्रेन' आणि 2019 चं 'न जुळलेलं फ्रॅक्चर' ही दोन दुखणी नाहीत, एकाच दुखण्याची दोन टोकं आहेत. बोर्डाने कागदावर दोन वेगळी नावं बघितली आणि मधला धागा सोडून दिला. तो धागा तुम्हाला जोडून द्यायचाय. अपिलाचा जीव त्यातच आहे.

त्यासाठी रेकॉर्ड ऑफिसला माहिती अधिकारात अर्ज करा. दहा रुपयांची पोस्टल ऑर्डर लागते, उत्तराची मुदत तीस दिवस. चार गोष्टी नावानिशी मागा: भरतीच्या वेळची मेडिकल तपासणी, 2009 चा इंज्युरी रिपोर्ट (आयएएफवाय-2006), कोर्ट ऑफ इन्क्वायरी (सैन्याची अंतर्गत चौकशी) झाली असेल तर तिचं कामकाज, आणि रिलीज मेडिकल बोर्डाची पूर्ण प्रत (एएफएमएसएफ-16). 'माझी सर्व कागदपत्रे द्यावीत' असं लिहू नका. तसं लिहिलं की 'नेमकी माहिती नमूद करावी' असं उत्तर येतं आणि महिना फुकट जातो.

इंज्युरी रिपोर्ट आला की आधी कमांडिंग ऑफिसरचा शेरा वाचा. युनिटने ठेवलेली किंवा परवानगी दिलेली मॅच नियमांत ड्युटीच धरली जाते. तिथे 'ऑन ड्युटी' किंवा 'ऑर्गनाइज्ड गेम्स' असं काही लिहिलेलं असेल तर नानाचं अर्धं बळ तिथेच गेलं. उरलेल्यासाठी सर्वोच्च न्यायालयाचा 2013 चा धरमवीर सिंग निकाल आहे. भरतीच्या वेळी कागदावर दोष नोंदलेला नसेल तर माणूस धडधाकट आला असं धरायचं, दुखणं नोकरीशी संबंधित नाही हे दाखवण्याची जबाबदारी सरकारची, आणि बोर्डाने कारणं लिहिलीच पाहिजेत. तुमच्या बोर्डाच्या कारणाच्या रकान्यात काय आहे ते बघा. नुसतं 'नो कॉजल कनेक्शन विथ सर्व्हिस' एवढंच असेल, तर त्याला कारण म्हणत नाहीत.

दुसरं भांडण टक्क्यांचं, आणि ते जास्त अवघड आहे. व्हॉट्सअॅपवर फिरतंय की वीसच्या खाली असलं तरी पन्नास टक्के धरून पेन्शन मिळते. ते 2014 च्या सुखविंदर सिंग निकालावरून, आणि तो मेडिकलवर मुदतीआधी घरी पाठवलेल्या जवानाबद्दल आहे. तुम्ही मुदत पुरी करून आलात. तुमच्यासारख्यांना राउंडिंगचा (वीसचे पन्नास धरण्याचा) फायदा 2014 च्याच राम अवतार निकालाने मिळाला खरा, पण त्याआधी वीस टक्के भरावे लागतात. 2019 च्या एस. पी. राठोड निकालात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितलंय की वीसच्या खाली डिसॅबिलिटी एलिमेंट (पेन्शनमधला अपंगत्वाचा भाग) नाही आणि राउंडिंगही नाही. म्हणजे 19 आणि 20 मधला तो एक टक्का केवढ्याला पडतो बघा. शंभर टक्क्यांना शेवटच्या पगाराच्या तीस टक्के, असा हिशेब असतो. पगार 40,000 धरला तर वीस टक्क्यांचे 2,400 होतात, आणि राउंडिंगने पन्नास धरले की 6,000. वर महागाई वेगळी. 19 ला शून्य.

इथे माझी चूक सांगतो. माझं प्रकरण अंगठ्याचं. गाडीचा टेलबोर्ड (मागची फळी) त्यावर पडला होता. पहिल्या अपिलात मी चार पानं दुःख लिहिलं: आईचं आजारपण, घराचं कर्ज, हात किती ठणकतो. नामंजूर. दुसऱ्या वेळी एकच पान लिहिलं आणि मापं जोडली. जिल्हा रुग्णालयातल्या हाडांच्या डॉक्टरांनी गोनिओमीटर लावून अंश मोजले, डायनामोमीटरवर दोन्ही मुठींची ताकद तीन-तीनदा घेतली. चिमटीत किल्ली फिरते का तेही बघितलं. तेव्हा कुठे परत बोर्ड लागलं.

तुम्हीही तेच करा. निरोगी मनगट मागच्या बाजूला साधारण 70 अंश वाकतं. तुमचं किती वाकतं ते आकड्यात हवं. दोन्ही हातांची मापं शेजारी शेजारी हवीत, आणि तुम्ही उजव्या हाताने काम करता हेही लिहून घ्या. बोर्डाच्या प्रतीत अंश लिहिलेले आहेत की नुसतं 'पेनफुल मूव्हमेंट्स' म्हणून मोकळे झालेत, हे तपासा. न मोजता टक्के दिले असतील तर तोच तुमचा मुद्दा. बाहेरच्या डॉक्टरांचा दाखला बोर्डाच्या वर जात नाही, कोर्टंही बोर्डालाच मान देतात. म्हणून 'मला 30 टक्के द्या' अशी मागणी करू नका, 'मोजून परत बोर्ड घ्या' अशी करा. रोजच्या कामाचं एखादं वाक्य चालेल, पण नेमकं. तुम्ही प्रश्नात लिहिलंय ना, म्हशीची धार काढताना दोन-तीन मिनिटांत मूठ आपोआप सुटते आणि उरलेली धार वहिनी काढतात. तेवढं पुरे.

आता वाट. दुसरं अपील सहा महिन्यांच्या आत. ते नामंजूर झालं, किंवा सहा महिन्यांत निर्णयच आला नाही, तर सशस्त्र दल न्यायाधिकरणाच्या मुंबई खंडपीठात जाता येतं. तिथे स्वतः उभं राहता येतं, पण टक्क्यांचा वाद असल्याने मी वकील घ्यायला सांगेन, आणि फी ठरवून, थकबाकीच्या हिश्श्यावर नाही. उशीर झाला म्हणून पेन्शनचा हक्क सहसा बुडत नाही, मात्र 2008 च्या तरसेम सिंग निकालानंतर थकबाकी बऱ्याच प्रकरणांत अर्जाआधीच्या तीन वर्षांचीच दिली गेली आहे. म्हणून वेळ काढू नका.

खाली एकाने विचारलंय, त्यांचा डिस्चार्ज 2024 चा आहे. 21 सप्टेंबर 2023 पासून नियम नवे आहेत, नावंही बदलली आहेत ('इम्पेअरमेंट रिलीफ' वगैरे). वरचं त्यांनी जसंच्या तसं लावून घेऊ नये, वेगळा प्रश्न टाकावा.

तुमचं नकाराचं पत्र मार्चमधलं आहे म्हणता. माहिती अधिकाराचा अर्ज याच आठवड्यात स्पीड पोस्टाने टाका आणि पावती पीपीओच्या (पेन्शनच्या आदेशाच्या) फाईलमध्ये लावा. 2009 चा इंज्युरी रिपोर्ट हातात आला की नंबर-नाव झाकून त्या शेऱ्याचा फोटो इथे टाका. अपिलाचा पहिला परिच्छेद त्यावरून लिहू.