‘माझा हेका’ असं म्हणता येईल का?

रत्नागिरीच्या एका शिक्षिकेचा प्रश्न आहे. विद्यार्थ्याने निबंधात लिहिलं, ‘सहल मालवणलाच जावी असा माझा हेका आहे.’ वाक्य खटकतं, पण चूक नेमकी दाखवता येत नाही. तिथे ‘हट्ट’ हवा की ‘आग्रह’?

व्याकरण ठीक आहे. खटकतो तो ‘माझा’.

हट्ट एखाद्या गोष्टीसाठी असतो. जत्रेत पोराच्या हातात पिपाणी आली की तो संपतो, म्हणून हट्ट पुरवता येतो. हेका कुणी पुरवत नाही. माणूस तो चालवतो, नाहीतर सोडतो. त्यात हवं असतं ते एवढंच, की आपलं म्हणणं खरं ठरावं. आणि मराठीत हेका कायम दुसऱ्याचाच असतो. स्वतःपुरता आपण ‘आग्रह’ म्हणतो. ‘माझा दुराग्रह आहे’ असंही मी कुणाच्या तोंडून ऐकलेलं नाही.

आरोंद्याला तेरेखोल खाडीच्या काठी एकदा काका आणि बाबा यांची जुंपली होती. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते, हा आमच्याकडचा हिशेब. काकांच्या मते एकादशी, म्हणजे पूर्ण भरती सव्वाआठला. आठ वाजले होते. “भरती आसा अजून!” काका म्हणाले. बाबांनी होडी बांधायच्या खांबाकडे बोट दाखवलं. पाण्याच्या वर चार बोटं ओला पट्टा दिसत होता. “सुकती लागली रे.” सुकती म्हणजे ओहोटी. तरी काका ऐकेनात. घरी येऊन कालनिर्णय पाहिलं तर दशमी! पाऊणपट बरोबर होती, तिथीच चुकलेली. रात्री जेवताना ते म्हणाले, “माजी समजूत चुकली होती.”

यातला ‘होती’ मला फार महत्त्वाचा वाटतो. ‘माझा गैरसमज झाला होता’ असं आपण सहज म्हणतो, ‘माझा गैरसमज झालेला आहे’ असं म्हणत नाही. गैरसमज चालू असतो तेव्हा त्याचं नाव ‘मला माहीत आहे’ असंच असतं.

‘आग्रह’मध्ये ‘ग्रह्’ धातू आहे, म्हणजे धरणं. पूर्वग्रहातही तोच, आणि 1927ला महाडला, 1930ला शिरोड्याच्या मिठागरांवर झालेल्या सत्याग्रहातही. पण सत्याग्रहात आपण चुकू शकतो हे आधीच धरलेलं आहे. आपण पूर्णपणे बरोबर आहोत असा दावा कुणालाच करता येत नाही. या मार्गाने लढणारा चुकलाच, तर त्रास त्याचा त्यालाच होतो, असं गांधीजींनी ‘हिंद स्वराज’मध्ये 1909 सालीच मांडलं आहे.

तेव्हा बाई, परीक्षेत लिहायचं असेल तर ‘आग्रह’. पण माझ्याकडे ती वही आली असती, तर मी ‘माझा हेका’खाली लाल रेघ ओढली नसती. त्या मुलाला स्वतःचा हेका दिसला आहे.